इंधनघटाची भाकिते

चंद्राकडे निघालेल्या माणसाला वाटेत तहान लागली, तर पाणी कोठून मिळणार? आकाशात विहीर नाही की ओढा नाही. पाणी पृथ्वीवरून भरून न्यावे, तर ते वजनाला भारी. आणि अंतराळयानात तोळ्यातोळ्याच्या वजनाचा हिशेब असतो. इ. स. १९६९ च्या जुलै महिन्यात नील आर्मस्ट्राँग, एडविन ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स हे तिघे अपोलो-११ यानातून चंद्राकडे गेले, तेव्हा त्यांचे पिण्याचे पाणी वाटेतच तयार होत होते. गंमत अशी की, ज्या यंत्रातून ते पाणी मिळे, ते यंत्र मुळी पाण्यासाठी बसवलेलेच नव्हते. ते यानाला वीज पुरवण्यासाठी होते. वीज हे त्याचे काम; पाणी हा वरचा लाभ. त्या पाण्यात हायड्रोजनचे बुडबुडे राहत आणि ते पिऊन पोटात वायू धरतो, अशी प्रवाशांची तक्रार असे. पण तहान भागत होती.

या यंत्राला इंधन-विद्युत् घट किंवा थोडक्यात इंधनघट असे म्हणतात. चंद्रावर माणूस उतरला तेव्हा हा शोध काही नवा नव्हता. त्याला तब्बल १३० वर्षे झाली होती. त्या १३० वर्षांत आणि त्यानंतरही अनेक जाणत्या माणसांनी असे भाकीत केले की, आता थोड्याच वर्षांत हा घट घरोघरी आणि गाडोगाडी दिसू लागेल. ही भाकिते करणारे कोणी कुडमुडे जोशी नव्हते. ते मोठमोठे शास्त्रज्ञ, कारखानदार आणि राज्यकर्ते होते. तरीही बहुतेक भाकिते चुकली. ती का चुकली, हे समजून घ्यायचे तर आधी घट कसा चालतो ते पाहिले पाहिजे.

पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला की, पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन वायू निघतात. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतो. विल्यम ग्रोव्ह नावाच्या गृहस्थाने हीच गोष्ट उलटी करून पाहिली. ग्रोव्ह हा वेल्समधील स्वान्सी गावचा. त्याचा व्यवसाय वकिलीचा; पुढे तो न्यायाधीशही झाला. परंतु त्याचे मन रमे ते प्रयोगशाळेत. १८३९ साली त्याने असे दाखवले की, प्लॅटिनमच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लात बुडवून एकीच्या भोवती हायड्रोजन आणि दुसरीच्या भोवती ऑक्सिजन ठेवला, तर त्या दोन पट्ट्या जोडणाऱ्या तारेतून वीज वाहते. त्याच वर्षी शनबाइन या शास्त्रज्ञानेही याच तत्त्वाविषयी लिहिले होते. तीन वर्षांनी ग्रोव्हने असे घट एकापुढे एक जोडले आणि त्यांच्या विजेने शेजारच्या भांड्यातील पाण्याचे पुन्हा दोन वायू करून दाखवले. एकीकडे वायूंचे पाणी होत आहे आणि त्याच विजेने दुसरीकडे पाण्याचे वायू होत आहेत, हे दृश्य त्या काळच्या विद्वानांना किती नवलाचे वाटले असेल!

वीज येते कोठून? हायड्रोजनचा प्रत्येक अणू म्हणजे एक प्रोटॉन आणि त्याच्या सोबतीला एक इलेक्ट्रॉन. या जोडीला ऑक्सिजनची ओढ फार. हायड्रोजन नुसता पेटवला, तर ही जोडी एका झेपेत ऑक्सिजनला जाऊन मिळते आणि सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. इंधनघटात मात्र प्लॅटिनमच्या पट्टीजवळ या जोडीची ताटातूट होते. समजा, दोन भाऊ पलीकडच्या गावच्या जत्रेला निघाले आहेत. एक ओढ्यातून सरळ पलीकडे जाऊ शकतो. दुसऱ्याला पाण्यात पाऊल टाकण्याची बंदी आहे, म्हणून तो लांबच्या वाटेने वळसा घालून येतो. प्रोटॉन आम्लातून सरळ पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला आम्लातून वाट नाही. त्याला तारेतून फेरा घ्यावा लागतो. तारेतून जाताना त्याच्याकडून दिवा लावून घ्यावा, चाक फिरवून घ्यावे. पलीकडे दोघांची ऑक्सिजनशी गाठ पडते आणि त्यांचे पाणी होते. ज्वाला नाही, धूर नाही, धडधड नाही. हायड्रोजनचा पुरवठा चालू असेपर्यंत वीज मिळत राहते.

हे इतके सोपे दिसते की, कोणालाही मोह पडावा. १८९४ साली जर्मनीतील विख्यात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यालाही तो पडला. त्या काळची वाफेची यंत्रे कोळशातील शक्तीचा फार तर दहावा भाग कामी आणीत. उरलेली सगळी उष्णता धुराड्यावाटे वाया जाई. ऑस्टवाल्डने हिशेब मांडला की, कोळसा जाळण्याऐवजी त्याची शक्ती घटातून सरळ विजेच्या रूपाने काढता आली, तर वाफेच्या यंत्रांचे राज्य संपेल, धुरकटलेली शहरे स्वच्छ होतील आणि उद्योगधंद्यांत मोठी क्रांती घडेल. पुढे १९०९ साली ऑस्टवाल्डला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा हिशेब तत्त्वतः चुकलेला नव्हता. परंतु कोळसा काही वायूसारखा घटात घालता येत नाही. आणि १८८९ साली लुडविग मोंड व कार्ल लँगर यांनी वायूवर चालणारा सुधारलेला घट तयार केला, तेव्हा असे दिसून आले की, त्याला लागणारे प्लॅटिनम सोन्यारुप्याच्या पेढीवरच शोभावे इतके महाग पडते. इतक्यात डायनामो आला, पाठोपाठ पेट्रोलचे एंजिन आले, आणि इंधनघट अडगळीत पडला.

त्याला अडगळीतून बाहेर काढणारा माणूस म्हणजे फ्रान्सिस थॉमस बेकन. त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

बेकनचा जन्म १९०४ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात झाला. केंब्रिज विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकून तो न्यूकॅसल येथे वाफेची टर्बाइने बनवणाऱ्या एका नामांकित कारखान्यात नोकरीला लागला. १९३२ साली त्याच्या वाचनात काही लेख आले. मागणी कमी असेल त्या वेळची वीज हायड्रोजनच्या रूपाने साठवून ठेवावी आणि गरज पडेल तेव्हा वापरावी, असा त्यांचा विषय होता. बेकनच्या मनाने घेतले की, तो हायड्रोजन जाळण्यापेक्षा ग्रोव्हच्या घटात घालावा. त्याने वरिष्ठांपुढे आपली कल्पना मांडली. त्यांना तीत रस वाटला नाही; वाफेवर पोट भरणाऱ्या कारखान्याला वाफ नको म्हणणारी कल्पना कशी रुचावी! बेकनने पदरमोड करून, आणि कारखान्याच्या आवारात गुपचूप, प्रयोग सुरू केले. हायड्रोजन हा स्फोटक वायू, आणि बेकन तो मोठ्या दाबाखाली वापरीत होता. गोष्ट उघडकीला आली तेव्हा त्याला स्वच्छ सांगण्यात आले की, प्रयोग थांबवा किंवा नोकरी सोडा. त्याने नोकरी सोडली. घरचे बरे होते म्हणून त्याला हे करता आले. नाहीतर ही गोष्ट येथेच संपली असती.

हे साल होते १९४०. युद्धाचा वणवा पेटला होता. चार्ल्स मर्झ या नामवंत विद्युत् अभियंत्याच्या पाठिंब्याने लंडनच्या किंग्ज कॉलेजात बेकनच्या कामाची सोय झाली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनवरील बाँबवर्षावात मर्झचा मृत्यू झाला. पुढे बेकनलाही पाणबुड्यांचा माग काढण्याच्या युद्धकार्याला जुंपण्यात आले. युद्ध संपल्यावर १९४६ साली केंब्रिजमध्ये त्याचे काम पुन्हा उभे राहिले.

बेकनपुढे दोन अडचणी होत्या. पहिली प्लॅटिनमच्या किमतीची. तिच्यावर त्याने असा तोडगा काढला की, आम्लाऐवजी तीव्र अल्क घ्यावा, तो सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा आणि वायूंवर मोठा दाब ठेवावा. अशा स्थितीत प्लॅटिनमचे काम निकेलसारखा स्वस्त धातूही करू शकतो. दुसरी अडचण अधिक नाजूक होती. वायू, द्रव आणि धातू हे तिन्ही जेथे एकत्र भेटतात, तेवढ्याच जागी वीज निर्माण होते. उन्हाळ्यातील मातीच्या माठाची आठवण करा. त्याच्या अंगातील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून पृष्ठभागापर्यंत येते. बेकनने निकेलच्या भुकटीपासून तशीच सच्छिद्र पट्टी केली. मात्र तिला दोन थर दिले. द्रवाच्या बाजूला बारीक छिद्रे, वायूच्या बाजूला मोठी. द्रव बारीक छिद्रांत चिकटून राही आणि वायूच्या दाबाने मोठ्या छिद्रांत शिरत नसे; त्यामुळे दोघांची भेट नेमकी पट्टीच्या पोटात होई. एवढे साधले तरी ऑक्सिजनकडील पट्टी झिजतच होती. तिच्यावर लिथियमचा संस्कार केल्यावर तो रोग आटोक्यात आला. या एकेका गोष्टीला वर्षानुवर्षे लागली.

१९५४ साली बेकनने लंडनच्या एका प्रदर्शनात आपला लहानसा संच चालवून दाखवला. लोकांनी कौतुक केले, पण पैसा पुढे केला नाही. उलट, विद्युत् उद्योगाच्या ज्या संशोधन-संस्थेचे अनुदान मिळत होते, तेही थोड्याच दिवसांत बंद पडले. याचा उपयोग काय आणि गिऱ्हाईक कोण, या प्रश्नाला बेकनजवळ उत्तर नव्हते. काम थांबले. नवे शोध कारखान्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने स्थापन केलेले राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ पुढे आले नसते, तर ते कायमचेच थांबते. महामंडळाच्या पैशावर बेकनने ४० घटांचा संच उभारला आणि १९५९ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिज येथे तो सर्वांसमक्ष चालवून दाखवला. त्याची शक्ती सुमारे ५ किलोवॉट होती. त्याच्या विजेवर गोलाकार करवत फिरली, लोखंडाचे सांधे जुळले आणि ओझी उचलणारी गाडी चालली. पहिला लेख वाचल्यापासून या दिवसापर्यंत २७ वर्षे गेली होती.

एवढे होऊनही ब्रिटनमध्ये या संचाला गिऱ्हाईक मिळाले नाही. ते मिळाले समुद्रापलीकडे. प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कंपनीने बेकनच्या शोधाचे हक्क घेतले. १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवण्याचा संकल्प जाहीर केला होता. इतक्या दिवसांच्या प्रवासाला पुरतील अशा बॅटऱ्या न्याव्यात, तर त्यांच्याच वजनाने यान जमिनीवरून उठले नसते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मात्र वजनाच्या मानाने पुष्कळ वीज देतात. आता गिऱ्हाईक होते, मुदत होती आणि पैशाला तोटा नव्हता. बेकनच्या घटात सुधारणा होऊन तसे तीन संच अपोलोत बसले. चंद्रप्रवास पार पडल्यावर लंडनमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवासस्थानी बेकनची त्या तिघा चंद्रयात्रींशी भेट घडवून आणण्यात आली. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो-१३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा हे घट यानाला किती आवश्यक होते ते सगळ्या जगाला कळले. ऑक्सिजन तुटताच घट बंद पडले, मुख्य यानाची वीज गेली, आणि तिघे प्रवासी मोठ्या शर्थीने जिवंत परत आले.

चंद्रापर्यंत गेलेला घट आता रस्त्यावर यायला कितीसा वेळ लागणार, असे त्या वेळी पुष्कळांना वाटले. १९६६ साली जनरल मोटर्स कंपनीने इंधनघटावर चालणारी एक मोटारही तयार केली होती. ती चालली, ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावली. परंतु वायूंच्या टाक्या आणि यंत्रे यांनी गाडीचे पोट इतके भरून गेले की, सहा माणसांच्या गाडीत दोघांपुरतीच जागा उरली. शिवाय टाकी फुटेल या भीतीने ती कंपनीच्या आवाराबाहेर फारशी काढलीच नाही. चंद्रावर जाणारा माणूस विजेची किंमत विचारीत नाही. बाजारात जाणारा माणूस ती सर्वांत आधी विचारतो.

पुढची गोष्ट भरती-ओहोटीसारखी आहे. १९७३ साली खनिज तेलाचे भाव एकाएकी भडकले. तेव्हा पेट्रोलला पर्याय शोधण्यासाठी अमेरिकेत सरकारी पैसा वाहू लागला. तेल स्वस्त झाले की पैसा आटे. आंब्याच्या कलमाला एका वर्षी हंडे ओतावेत आणि दुसऱ्या वर्षी त्याकडे पाहूच नये, तशातला हा प्रकार. पैसा आटला की नुसती यंत्रे थांबत नाहीत. हाताखाली तयार झालेली माणसे दुसरीकडे निघून जातात, आणि पुन्हा पैसा आला तरी ती परत येत नाहीत.

तरी काही ठिकाणी पाण्याची बारीक धार चालू राहिली, आणि खरी प्रगती झाली ती तेथेच. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलॅमॉस प्रयोगशाळेत काही शास्त्रज्ञ सरकारच्या बेताच्या अनुदानावर इंधनघटाचा अभ्यास करीत होते. प्लॅस्टिकसारख्या पातळ पापुद्र्यातून प्रोटॉन जाऊ देणारे घट तोपर्यंत निघाले होते; पण त्यांत दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅम प्लॅटिनम लागे. पेढ्यावर चांदीचा वर्ख पसरावा तसे प्लॅटिनम कोळशाच्या सूक्ष्म कणांवर पसरून, त्यांत त्या पापुद्र्याचाच द्रव मुरवण्याची युक्ती या शास्त्रज्ञांनी शोधली. त्यामुळे १९९० च्या सुमारास ०.४ मिलिग्रॅममध्ये काम भागू लागले. म्हणजे खर्चातील मोठी धोंड दहापट हलकी झाली! कॅनडातही असेच घडले. तेथील संरक्षण खात्याने १९८३ साली बॅलार्ड नावाच्या एका छोट्या कंपनीला काम दिले, आणि दहा वर्षांनी व्हँकुव्हरमध्ये इंधनघटावर चालणारी बस धावली.

बस पाहून भाकितांना पुन्हा भरती आली. मोटारी बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी २००४ हे साल नेमून दिले; त्या सुमारास आमच्या मोटारी दुकानात येतील, असे त्या सांगू लागल्या. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी लोकप्रतिनिधींसमोर भाषण करताना याहून मनोरम भाकीत केले. आज जन्मलेले मूल मोठे होऊन पहिली मोटार चालवील, ती हायड्रोजनवर चालणारी आणि धूर न सोडणारी असू शकेल, असा त्याचा आशय होता. त्यासाठी १२० कोटी डॉलर खर्चाचा कार्यक्रम आखण्यात आला. ते मूल २०२१ साली १८ वर्षांचे झाले. त्याला हायड्रोजनची मोटार विकत घेता आली असती हे खरे. जपानच्या टोयोटा कंपनीची तशी मोटार २०१४ च्या डिसेंबरपासून विकली जात होती. परंतु अमेरिकेत ते मूल कॅलिफोर्नियाबाहेर राहणारे असेल, तर हायड्रोजन भरायला जायचे कोठे, हा प्रश्न होता. २०२३ च्या अखेरीस साऱ्या जगात मिळूनही इंधनघटावर चालणाऱ्या मोटारी एक लाखाच्या आतच होत्या. त्याच एका वर्षात बॅटरीवरच्या, किंवा बॅटरीला पेट्रोलची जोड असलेल्या, सुमारे १ कोटी ४० लाख नव्या मोटारी विकल्या गेल्या.

बॅटरी पुढे कशी गेली? याचे उत्तर मोटारींत शोधून सापडत नाही. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, ती हातात धरायच्या कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांसाठी. नंतर ती टेलिफोनमध्ये आणि लहान संगणकांत गेली. जगातील कोट्यवधी लोकांनी फोन विकत घेतले. प्रत्येकाने नकळत बॅटरीच्या संशोधनाला वर्गणी दिली. इंधनघटाला असे वर्गणीदार मिळाले नाहीत. २००३ साली इंधनघटाचे भाकीत करणाऱ्यांनी इंधनघटाकडे बारकाईने पाहिले होते. शेजारच्या शेतात काय पिकते आहे, तिकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नव्हते.

आणखी एक अडचण होती. हायड्रोजन ही काही खाणीतून काढायची वस्तू नव्हे. आज जगातील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून मिळवतात, आणि तसे करताना कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्यापासून मिळवावा, तर त्याला वीज खर्च होते. आणि घट त्यातील काही भागच परत देतो. २००९ साली अमेरिकेचे ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवले. चू हे स्वतः भौतिकशास्त्राचे नोबेल-विजेते. हायड्रोजन कसा मिळवावा, कोठे साठवावा, गावोगावी कसा पोहोचवावा आणि घट टिकाऊ कसा करावा, ही चारही कोडी एकदम सुटल्याशिवाय मोटारी चालणार नाहीत, असे म्हणून त्यांनी मोटारींच्या घटांवरील संशोधनाचा निधी कापण्याचा प्रस्ताव मांडला. लोकप्रतिनिधींनी बराचसा निधी परत दिला. सुमारे सहा वर्षांत एकाच देशाच्या सरकारने एकाच यंत्राविषयी अशी दोन टोके गाठली, आणि मध्ये सापडले ते प्रयोगशाळांत काम करणारे तरुण शास्त्रज्ञ.

असे असूनही भाकीत टाळता येत नाही. कोणत्या कामाला किती पैसा द्यावा हे ठरवायचे, म्हणजे पुढचा अंदाज घ्यायचाच. त्यासाठी शास्त्रज्ञांनी काही रीती शोधल्या आहेत. त्यांतील एक १९३६ सालची. विमानांच्या कारखान्यातील राइट नावाच्या अभियंत्याला (विमान उडवणारे राइट बंधू निराळे) असे आढळले की, एकूण बनवलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की एका विमानाला लागणारी मजुरी ठरावीक प्रमाणात, सुमारे पाचव्या हिश्शाने, कमी होते. माणसे करता करता शिकतात, हेच त्याचे कारण. समजा, एक हजार घट बनवल्यावर एकाची किंमत १०० रुपये आहे आणि हाच नियम तिला लागू पडतो. मग दोन हजारांनंतर ती ८०, चार हजारांनंतर ६४ आणि आठ हजारांनंतर सुमारे ५१ रुपये होईल. कागदावर हे फार सुंदर दिसते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे इंधनघटाच्या किमतीचे अंदाजही असेच एका अटीवर बांधलेले असतात: वर्षाला पाच लाख संच बनले, तर! तो ‘तर’ लहान दिसतो, पण सगळे घोडे तेथेच पेंड खाते. किंमत उतरल्याशिवाय पाच लाख माणसे संच घेणार नाहीत, आणि पाच लाख बनल्याशिवाय किंमत उतरणार नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी ही गत आहे.

ही गाठ थोडीफार सैल केली ती जपानने, आणि तीही मोटारीत नव्हे तर घरात. २००९ पासून तेथे घरगुती इंधनघट विकण्यास सुरुवात झाली. स्वयंपाकाच्या नळाने येणाऱ्या वायूतून हायड्रोजन काढायचा, त्यापासून वीज करायची आणि वाया जाणाऱ्या उष्णतेवर आंघोळीचे पाणी तापवायचे, अशी त्यांची योजना. प्रारंभी एका संचाला ३० लाख येनहून अधिक पडत. म्हणून सरकार गिऱ्हाइकाला मोठे अनुदान देई. जसजशी किंमत उतरली, तसतसे अनुदान कमी करीत नेले. दहा-बारा वर्षांत चार लाखांहून अधिक घरांत असे संच बसले आणि साध्या संचाची किंमत १० लाख येनच्या आसपास आली. सरकारची अपेक्षा याहून कितीतरी मोठी होती, हेही सांगितले पाहिजे. तरी अनुदान आधीच ठरलेल्या बेताने हळूहळू उतरत गेल्यामुळे, कारखानदारांना पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता आला.

भारतातही हे काम चालले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५० पासून रसायनशास्त्राचे संशोधन होत आले आहे. त्या प्रयोगशाळेच्या सहकार्याने देशात विकसित केलेल्या इंधनघटावर चालणारी बस २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातच लोकांसमोर आणण्यात आली. २०२४ च्या जानेवारीत भारताच्या अवकाश संशोधन संस्थेने आपल्या अग्निबाणाच्या अखेरच्या टप्प्याबरोबर एक लहान घट अंतराळात पाठवला आणि त्यातून १८० वॉट वीज मिळवली. बेकनच्या घटापुढे हा आकडा छोटा आहे. पण पुढील मोठ्या संचांची ती चाचणी होती. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्याची एकूण रक्कम १९,७४४ कोटी रुपये आहे. त्यातील फार मोठा भाग कारखाने उभारणाऱ्यांना उत्तेजन म्हणून द्यायचा असून संशोधनासाठी ४०० कोटी रुपये राखून ठेवले आहेत, म्हणजे दर शंभर रुपयांत सुमारे दोन. कारखाने आधी उभे राहून शिकत जातील असा यामागील विचार दिसतो. राइटच्या नियमाने पाहिले तर तो चूक नाही. बेकनच्या माठासारख्या पट्टीची आठवण ठेवली, तर दोन रुपये थोडे वाटतात.

तज्ज्ञांना प्रत्यक्ष विचारून अंदाज घेण्याची आणखी एक रीत आहे. अमेरिकेतील संशोधकांनी मोटारींच्या इंधनघटाविषयी ३९ तज्ज्ञांना प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे २०१९ साली प्रसिद्ध केली. एकच आकडा सांगा, असा आग्रह त्यांनी धरला नाही. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि तुम्हांला सर्वांत संभवनीय कोणता वाटतो, असे त्यांनी विचारले. त्यामुळे प्रत्येकाला आपण किती जाणतो याबरोबर किती जाणत नाही हेही सांगावे लागले. पेट्रोलच्या एंजिनाशी बरोबरी करायची तर घटाची किंमत दर किलोवॉटला ३० डॉलरपर्यंत उतरली पाहिजे, असे अमेरिकन सरकारने ठरवले आहे. ती २०५० पर्यंत तेथे पोहोचेल, असा या तज्ज्ञांच्या उत्तरांचा मध्यम कल निघाला. मात्र एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरापासून बरेच दूर होते. प्लॅटिनम आणखी कसे वाचवावे आणि घट झिजू कसा देऊ नये, याच दोन गोष्टींवर आधी पैसा खर्च करा, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. बेकन ज्या दोन गोष्टींशी झगडला, त्याच या!

त्या ३९ जणांची उत्तरे छापलेली आहेत आणि ती कोणालाही पाहता येतात. २०५० साल उजाडेल तेव्हा त्या तज्ज्ञांपैकी अनेक जण वृद्ध झालेले असतील, आणि आज सहावी-सातवीच्या वर्गात बसलेली मुले पस्तिशी ओलांडलेली असतील. त्या वेळी बाजारात एका किलोवॉटचा घट कितीला मिळतो, ते विचारून कोणाचे उत्तर बरोबर आले हे त्यांना पडताळून पाहता येईल.